शब्दांचे मूळ शोधावे

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींच्या आणि नद्यांच्या बाबतीत तिचा अर्थ काहीही असो. शब्दांच्या बाबतीत मात्र आमचे मत नेमके उलट आहे. शब्दांचे कूळही शोधावे आणि मूळही शोधावे. विशेषतः इंग्रजीसारखी परकी भाषा ज्यांना आपलीशी करायची आहे, त्यांनी तर शब्दांच्या मुळाकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही. हे कसे, ते या लेखात थोडक्यात आणि शक्य तितक्या सोप्या उदाहरणांनी सांगावयाचे आम्ही योजले आहे.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. आपल्या इगतपुरी तालुक्यातील कितीतरी मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात. अकरावीला विज्ञानशाखेत पाऊल टाकले की त्यांच्यापुढे एकाएकी इंग्रजी पुस्तके येतात. ज्या मुलाला 'परिमिती' आणि 'अस्थी' उत्तम समजत होत्या, तोच मुलगा 'पेरिमीटर' आणि 'ऑस्टिऑलॉजी' पाहून गांगरतो. विषय कठीण झालेला नसतो. शब्द अनोळखी झालेले असतात. मग सुरू होते घोकंपट्टी. इंग्रजी शब्द डाव्या बाजूला, अर्थ उजव्या बाजूला, अशा वह्याच्या वह्या भरतात. सोमवारी पाठ केलेले शब्द शनिवारी विसरतात, आणि हुशार मुलगा स्वतःला मंदबुद्धी समजू लागतो. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. सुट्या मण्यांचा ढीग ओंजळीत धरून चालले तर मणी सांडणारच. ते दोऱ्यात ओवले पाहिजेत. शब्दांचा हा दोरा म्हणजे त्यांचा धातू.

शब्दाचे मूळ म्हणजे काय, हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्या गावाचे कागदोपत्री नाव 'घोटी बुद्रुक' असे आहे. हे 'बुद्रुक' म्हणजे काय? मूळ फारसी शब्द 'बुजुर्ग'. अर्थ मोठा, वडील. त्याचा जोडीदार 'खुर्द' म्हणजे लहान. एकाच नावाची दोन गावे असली की मोठे ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. महाराष्ट्रातील शेकडो गावांची नावे या एका किल्लीने उघडतात. ही किल्ली एकदा हाती आली की प्रत्येक गावाचे नाव निराळे पाठ करावे लागत नाही. इंग्रजी शब्दांचीही स्थिती हीच आहे.

घरचा शब्द आणि सभेतला शब्द

इंग्रजी शिकणाऱ्याची पहिली तक्रार अशी असते की, एकाच वस्तूला या भाषेत दोन-दोन, तीन-तीन शब्द का? दाताला 'टूथ' म्हणतात, मग दातांच्या डॉक्टरला 'डेन्टिस्ट' का? पायाला 'फूट' म्हणतात, मग पायी चालणाऱ्याला 'पेडेस्ट्रिअन' का? हाताला 'हॅन्ड', मग हाताने लिहिलेल्या पोथीला 'मॅन्युस्क्रिप्ट' का?

ही तक्रार करण्यापूर्वी आपण आपल्याच भाषेकडे पाहावे. आपला 'दात' दुखतो, पण आपण जातो 'दंतवैद्या'कडे. आपण 'पायी' चालतो, पण रस्त्यावरच्या पाटीत होतो 'पादचारी'. 'हाताने' लिहिलेला मजकूर 'हस्तलिखित' ठरतो. दात, पाय, हात हे घरचे शब्द. दंत, पाद, हस्त हे सभेतले, शास्त्रातले शब्द. घरचे शब्द संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत, लोकांच्या तोंडी घासत घासत आले. सभेतले शब्द आपण संस्कृतातून जसेच्या तसे उचलले. पहिल्यांना व्याकरणात तद्भव म्हणतात, दुसऱ्यांना तत्सम.

इंग्रजीतही अशीच दुहेरी व्यवस्था आहे. टूथ, फूट, हॅन्ड हे त्या लोकांचे घरचे जर्मानिक कुळातले शब्द. पुढे १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्याय, कर, लष्कर या क्षेत्रांत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. कोर्ट, जज्ज, अपील, टॅक्स, आर्मी हे शब्द असे आलेले आहेत. आपल्याकडे मुसलमानी अंमलात वकील, फिर्याद, अर्ज, दस्त, कायदा हे शब्द जसे आले, तसाच हा प्रकार. जो राज्य करतो त्याची भाषा कचेरीत राहून जाते. त्यानंतर युरोपात विद्येचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा शास्त्रीय शब्दांसाठी इंग्रजांनी लॅटिन आणि ग्रीक या जुन्या भाषांचे कोठार उघडले. आज इंग्रजी कोशातील निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन, फ्रेंच आणि ग्रीक मुळांचे आहेत, आणि ज्यांना आपण 'अवघड इंग्रजी' म्हणतो, ते बहुतेक सर्व याच कोठारातले आहेत.

म्हणजे मराठीला जसे संस्कृत, तसे इंग्रजीला लॅटिन आणि ग्रीक. एवढे एक सूत्र ध्यानी धरले की निम्मी भीती ओसरते.

दूरची भावंडे

परंतु गोष्ट येथेच थांबत नाही. मराठी माणसाच्या पदरात दैवाने आणखी एक दान टाकले आहे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे एक व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे धातू आणि व्याकरण यांत इतके साम्य आहे की ते योगायोगाने आलेले असू शकत नाही. या भाषा कोणत्या तरी एकाच, कदाचित आज अस्तित्वात नसलेल्या भाषेपासून निघाल्या असाव्यात, असा विचार त्यांनी मांडला. पुढे १८२२ साली याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने इंग्रजी-जर्मन कुळातील वर्ण कोणत्या नियमाने बदलले ते दाखवले. आपल्याकडे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ साली मुंबईत विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली, आणि संस्कृतापासून प्राकृत व प्राकृतापासून आजच्या देशी भाषा कशा घडत गेल्या याचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. हे शास्त्र आपल्या प्रांतात सामान्य सुशिक्षितांपर्यंत पोचले ते अशा व्याख्यानांतून, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या शोधाचा आपल्याला व्यवहारात उपयोग काय? असा की, लॅटिन आणि ग्रीक धातू आपल्याला सर्वस्वी परके नाहीत. संस्कृत 'दन्त', लॅटिन 'डेन्ट', इंग्रजी 'टूथ'. संस्कृत 'पाद', लॅटिन 'पेड', इंग्रजी 'फूट'. संस्कृत 'पितृ', लॅटिन 'पाटेर', इंग्रजी 'फादर'. संस्कृत 'त्रि', लॅटिन 'ट्रेस', इंग्रजी 'थ्री'. संस्कृत 'दश', लॅटिन 'डेकेम', इंग्रजी 'टेन'. येथे नियम आपोआप दिसतो. संस्कृत-लॅटिनमधला 'प' घरच्या इंग्रजीत 'फ' होतो, 'त' चा 'थ' होतो, 'द' चा 'ट' होतो. पाद आणि फूट, पितृ आणि फादर, दोन्हीकडे तोच बदल. हा काही एखाद्या शब्दापुरता चमत्कार नव्हे. हा नियम आहे.

याच नियमाने एक जुने कोडे सुटते. 'नो' म्हणजे जाणणे, या इंग्रजी शब्दाच्या आरंभी एक मुका 'के' लिहितात. शाळेत मुले विचारतात, उच्चारायचा नाही तर लिहायचा कशाला? कारण एके काळी तो उच्चारला जात होता. हा शब्द म्हणजे आपल्या 'ज्ञा' धातूचा भाऊ. संस्कृतातील 'ज्', ग्रीक-लॅटिनमध्ये 'ग्', आणि इंग्रजीत 'क्'. ग्रीक रूप घेऊन डॉक्टरांचा 'डायग्नोसिस' झाला, म्हणजे रोग आरपार जाणणे, निदान. लॅटिन रूप घेऊन 'इग्नोरंट' झाला, म्हणजे अज्ञ. आणि 'ॲग्नॉस्टिक' म्हणजे अज्ञेयवादी. त्यात पहिला 'ॲ' हा आपला 'अ'च आहे. ज्ञान, अज्ञान, विज्ञान, जाणणे, सुज्ञ हे शब्द ज्याला ठाऊक आहेत, त्याला हे इंग्रजी शब्द पाठ करावे लागत नाहीत, ओळखावे लागतात.

अशी आणखी काही भावंडे सांगतो. 'मृ' म्हणजे मरणे. त्यापासून मृत, मृत्यू, अमृत. लॅटिनमध्ये 'मॉर्ट'. त्यापासून मॉर्टल, इम्मॉर्टल, पोस्ट-मॉर्टेम, मॉर्च्युअरी. जमिनीवर कर्ज काढताना ज्या 'मॉर्गेज'वर आपण सही करतो, त्याचा मूळ अर्थ 'मेलेले गहाण' असा आहे. 'श्रद्धा' या शब्दाचा सख्खा भाऊ म्हणजे लॅटिन 'क्रेड'. त्यापासून क्रीड, क्रेडिबल, इन्क्रेडिबल आणि आपल्या सहकारी पतसंस्थांच्या पाट्यांवरचे 'क्रेडिट'. उधारी ही शेवटी श्रद्धेवर चालते, हे व्यापारी मंडळींना कोशाने सांगण्याची गरज नाही. 'दक्षिण' म्हणजे उजवा; त्याचा भाऊ लॅटिन 'डेक्स्टर'. 'ॲम्बिडेक्स्ट्रस' हा भलामोठा शब्द पाहून छाती दडपते, पण अर्थ एवढाच की, ज्याचे दोन्ही हात उजवे आहेत तो. आपल्या अर्जुनाला आपण 'सव्यसाची' म्हणतो, तोच हा.

घोटी स्टेशनावरचा धडा

आता आपण पुस्तक मिटून स्टेशनाकडे जाऊ. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला, आणि मुंबईची गाडी कसाऱ्याहून घाट चढून आपल्या बाजूला येऊ लागली. गाडीबरोबर शब्दही घाट चढून आले. स्टेशन, सिग्नल, जंक्शन, इंजिन, पोर्टर हे शब्द आज आपल्या बायाबापड्यांच्या तोंडी आहेत. नवे अवघड शब्द शिकण्याची उत्तम रीत म्हणजे तोंडी असलेल्या सोप्या शब्दापासून निघणे.

'स्टेशन' घ्या. लॅटिन 'स्टा' म्हणजे उभे राहणे, आपला 'स्था'. गाडी उभी राहते ते स्टेशन, आणि म्हणूनच ते 'स्थानक'. या एका धातूपासून स्टेट, स्टेटस, स्टॅच्यू, स्टेबल, कॉन्स्टंट, डिस्टन्स, ऑब्स्टॅकल, इन्स्टिट्यूट, कॉन्स्टिट्यूशन असे कितीतरी शब्द निघाले आहेत. आपल्याकडे स्थिती, स्थान, संस्था, अवस्था, व्यवस्था, प्रस्थान, उपस्थित, अधिष्ठान असे निघाले. दोन्ही परिवार समोरासमोर बसवून पाहा. 'इन्स्टिट्यूट' आणि 'संस्था' दोन्ही 'स्था'ची लेकरे. 'सर्कम' म्हणजे सभोवार आणि 'स्टान्स' म्हणजे उभे असणे. 'सर्कमस्टन्स' म्हणजे सभोवती जे उभे आहे ते. आपला शब्द काय? 'परिस्थिती'. 'परि' म्हणजे सभोवार, 'स्थिती' म्हणजे उभे असणे. एकाच साच्यातून काढल्यासारखे हे दोन शब्द आहेत.

'जंक्शन' घ्या. लॅटिन 'जुंग' म्हणजे जोडणे, आपला 'युज्'. दोन मार्ग जोडले जातात ते जंक्शन. योग, संयोग, योजना, उपयोग हे आपले. जॉइन, कन्जंक्शन, कॉन्जुगल हे त्यांचे. बैलाच्या मानेवर आपण जे 'जू' ठेवतो, ते संस्कृत 'युग'पासून आले आणि इंग्रजीतील 'योक' त्याचेच भावंड. 'सब्जुगेट' म्हणजे एखाद्याला जुवाखाली आणणे, गुलाम करणे. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगण्यास किती वेळ लागेल?

'पोर्टर' म्हणजे हमाल. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. आग्रा रस्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवर 'ट्रान्सपोर्ट' हा शब्द असतो, म्हणजे पलीकडे वाहून नेणे. आत आणणे 'इम्पोर्ट', बाहेर नेणे 'एक्स्पोर्ट', बातमी परत आणणे 'रिपोर्ट', खालून उचलून धरणे 'सपोर्ट', उचलून नेता येईल ते 'पोर्टेबल', आणि हद्दपार करणे 'डिपोर्ट'. एक हमाल गाठला आणि सात शब्द घरी आणले.

पाहण्याचे शब्द

आता थोडे कठीण उदाहरण घेऊ, कारण या विद्येचे बळ आणि मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. लॅटिन 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे. आपल्या 'पश्य'चा तो नातलग. आपल्याकडे पाहण्याचा दुसरा धातू 'ईक्ष्'. आता पाहा. आत शिरून पाहणारा 'इन्स्पेक्टर', आपला 'निरीक्षक'. एखाद्या गोष्टीची वाट पाहणे 'एक्स्पेक्ट', आपली 'अपेक्षा'. मागे वळून पाहणे 'रेट्रोस्पेक्ट', आपले 'सिंहावलोकन'. स्वतःच्या आत पाहणे 'इन्ट्रोस्पेक्शन', आपले 'आत्मनिरीक्षण'. सभोवार पाहून पाऊल टाकणारा 'सर्कम्स्पेक्ट', म्हणजे सावध माणूस. पुन्हा वळून ज्याच्याकडे पाहावेसे वाटते त्याच्याविषयीचा भाव 'रिस्पेक्ट'.

'सस्पेक्ट' म्हणजे काय? 'सब्' म्हणजे खालून. खालून, चोरट्या नजरेने पाहणे, म्हणजे संशय घेणे. आता गंमत अशी की लॅटिन 'सब्' आणि आपला 'उप' हे भाऊ आहेत. 'उप' अधिक 'ईक्ष्' यांचा आपल्याकडे शब्द झाला 'उपेक्षा', म्हणजे दुर्लक्ष. घटक जवळजवळ तेच. पण तिकडे अर्थ झाला संशय आणि इकडे झाला दुर्लक्ष. यावरून काय शिकावे? धातू आणि उपसर्ग आपल्याला शब्दाच्या दारापर्यंत आणून सोडतात. आत काय आहे ते रूढी ठरवते. म्हणून मूळ ओळखून अंदाज करावा, आणि अंदाज केल्यावर कोश अवश्य उघडावा. अंदाजानंतर कोशात पाहिलेला अर्थ मनात ठसतो. अंदाजावाचून पाहिलेला पुसला जातो.

लहानसे उपसर्ग, मोठे काम

धातू हे झाडाचे खोड, तर उपसर्ग ही वाट दाखवणारी पाटी. पाटी चुकली तर माणूस भलत्याच गावी जातो. दवाखान्यातून आणलेल्या तपासणीच्या कागदावर 'हायपर' आणि 'हायपो' हे दोन उपसर्ग नेहमी येतात. दिसायला जुळे, अर्थाने परस्परविरुद्ध. 'हायपर' म्हणजे वर, अधिक, आपला 'उपरि'. 'हायपो' म्हणजे खाली, कमी. आपला 'उप', जसा उपाध्यक्ष हा अध्यक्षाच्या खालचा. 'हायपरटेन्शन' म्हणजे वाढलेला रक्तदाब, 'हायपोटेन्शन' म्हणजे उतरलेला. 'ग्लायक' म्हणजे गोड आणि 'ईमिआ' म्हणजे रक्तातील स्थिती. तेव्हा 'हायपरग्लायसीमिआ' म्हणजे रक्तात साखर वाढणे आणि 'हायपोग्लायसीमिआ' म्हणजे ती घटणे. दोन्ही अवस्थांवरचे उपाय उलट आहेत. घरात मधुमेहाचा रोगी असेल तर उपरि आणि उप यांतला फरक ध्यानात असणे ही नुसती विद्वत्ता नाही, ती काळजी आहे. औषध अर्थातच डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पण डॉक्टर काय म्हणाले ते नीट समजले, तर निम्मा गोंधळ टळतो.

दुसरे उदाहरण रस्त्यावरचे. तेलाच्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले असते. 'इन्' म्हणजे नाही, असे शिकलेला मुलगा म्हणेल की हे न पेटणारे आहे. भयंकर चूक! लॅटिनमध्ये 'इन्' दोन आहेत. एक नकाराचा, आपल्या 'अ' किंवा 'अन्'चा भाऊ; दुसरा 'आत' या अर्थाचा. येथे दुसरा आहे. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे ज्वाळेत जाणारे, चटकन पेटणारे. एवढ्याचसाठी पुष्कळ ठिकाणी आता नुसते 'फ्लेमेबल' लिहिण्याची पद्धत पडली आहे.

खोट्या व्युत्पत्तीपासून सावध

या विद्येचा एक रोगही आहे, आणि तो फार संसर्गजन्य आहे. ध्वनी जुळला की नाते जुळले असे मानणारे लोक सर्वत्र भेटतात. 'न्यूज' हा शब्द उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून झाला असे पुष्कळदा ऐकू येते. ते खरे नाही. 'न्यू' म्हणजे नवे, त्यावरून 'न्यूज' म्हणजे नव्या गोष्टी, आणि हा 'न्यू' आपल्या 'नव'चा भाऊ. 'नेव्हिगेशन' हा शब्द 'नवगती' या संस्कृत शब्दावरून इंग्रजांनी उचलला, असेही अभिमानाने सांगितले जाते. तेही खरे नाही. लॅटिन 'नाव्हिस' म्हणजे नौका आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे, यांपासून तो झाला. 'नाव्हिस' आणि आपली 'नौ' या बहिणी आहेत, ही गोष्ट खरी आणि तीच पुरेशी गोड आहे. बहिणीला मुलगी ठरवण्याने आपल्या भाषेची थोरवी वाढत नाही.

बहीण कोणती आणि पाहुणी कोणती, हाही भेद करावा. 'पाद' आणि 'फूट' एका घरात जन्मले. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द मात्र आपल्या 'मुंगुसा'वरून गेलेला आहे, तो पाहुणा. इंग्रजांचा 'राईस' फ्रेंचातून, लॅटिनातून मागे जात ग्रीक 'ओरुझा'पर्यंत पोचतो. ग्रीकांनी तो पूर्वेकडून घेतला, आणि संस्कृत 'व्रीही'शी त्याचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. घोटीच्या बाजारात भाताच्या राशी पाहणाऱ्यांना हा शब्दही धान्याबरोबर प्रवास करीत गेला हे जाणून नवल वाटू नये. वस्तू जाते तेथे शब्द जातो.

ध्वनी किती फसवा असतो याचे एकच उदाहरण देऊन पुढे जातो. इंग्रजी 'बॅड' आणि आपल्या 'बदनाम' या शब्दातला फारसी 'बद', दोघांचा उच्चार सारखा आणि अर्थही वाईट हाच. पण त्यांचे काडीचेही नाते नाही. उलट 'चाक', 'व्हील' आणि 'सायकल' हे तीन शब्द पाहा. तोंडावळा मुळीच जुळत नाही. परंतु संस्कृत 'चक्र', ग्रीक 'कुक्लोस' आणि इंग्रजी 'व्हील' ही एकाच आईची लेकरे आहेत, हे वर्णांच्या नियमांनी सिद्ध होते. तोंडावळ्यावर जाऊ नये, नियमावर जावे.

काय करावे

आता व्यवहाराची गोष्ट. ज्यांना आपली इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवायची आहे, त्यांच्यासाठी आमची सूचना साधी आहे. एक दोनशे पानी वही घ्यावी. दर आठवड्याला एकच धातू घ्यावा आणि त्याला दोन पाने द्यावीत. पानाच्या माथ्यावर धातू, त्याचा अर्थ, आणि असल्यास संस्कृतातील भावंड लिहावे. खाली प्रथम ठाऊक असलेले शब्द लिहावेत, मग नवे. प्रत्येक नव्या शब्दाचे तुकडे पाडावेत, अर्थाचा अंदाज लिहावा, नंतर कोशातला अर्थ लिहावा, आणि शेवटी त्या शब्दाचे स्वतःचे एक वाक्य करावे. वाक्य केल्यावाचून शब्द आपला होत नाही. तो उसना राहतो. वर्षाला पन्नास धातू झाले आणि प्रत्येकाचे आठ शब्द धरले, तरी चारशे शब्द होतात. आणि हे चारशे सुटे नसतात. त्यांच्या जोरावर आणखी कित्येक शब्द पाठ न करता उकलतात.

दुसरी सूचना आईबापांना आणि शिक्षकांना. इंग्रजी सुधारावे म्हणून मुलाची मराठी बंद करू नका. ज्याला 'निरीक्षण', 'परीक्षण', 'समीक्षा', 'उपेक्षा' या शब्दांतील एक धातू दिसतो, त्याला इंग्रजीतला धातू दिसावयास वेळ लागत नाही. ज्याचे मराठीच कच्चे, त्याला दोन्ही भाषा भिंतीसारख्या भासतात. पाणिनीच्या परंपरेने सुमारे दोन हजार धातू गोळा करून ठेवले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठी धातूंच्या मागे आयुष्यातली कितीतरी वर्षे वेचली. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ साली प्रसिद्ध झाला. आपल्याच रेल्वेमार्गावरील भगूरचे सावरकर यांनी 'दिनांक', 'महापौर' असे शब्द घडवले, ते याच धातू-उपसर्गांच्या टाकसाळीत. ग्रीकांचा 'टेलि' म्हणजे दूर आणि 'फोन' म्हणजे ध्वनी. आपला 'दूरध्वनी' त्याच रीतीने घडला. ही टाकसाळ आपल्या घरात आहे. तिचा उपयोग परकी नाणी पारखण्यासाठीही होतो, हे मात्र आपण विसरलो आहोत.

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ते दूध पचावे म्हणून लोक आपल्या मुलांना घरच्या दुधापासून तोडू लागले, याचे आम्हांस वाईट वाटते. खेड्यातला मुलगा शहरातल्या मुलापुढे इंग्रजीत कमी पडतो, तेव्हा त्याच्याजवळ काहीच भांडवल नाही असे समजले जाते. वस्तुतः दात, पाय, जू, चाक, श्रद्धा, मृत्यू, परिस्थिती हे त्याचे भांडवल आहे. ते त्याच्या तोंडी आहे. फक्त त्याचा भाव त्याला कुणी सांगितलेला नसतो. तो भाव सांगण्याचे काम शाळेने करावे, ग्रंथालयाने करावे, आणि अशा व्याख्यानांना येणाऱ्या सुशिक्षितांनी आपापल्या घरी करावे. आज रात्री जेवताना मुलाला एवढेच विचारावे, स्टेशनाला 'स्टेशन' का म्हणतात? उत्तर त्याला आले नाही तर आपण द्यावे. आणि दुसऱ्या दिवशी त्याने नवा प्रश्न घेऊन यावे, याची वाट पाहावी.